सत्त्याण्णव कौलं

भट्टीच्या तळाच्या थरातली ही शेवटची कौलं,
कालच काढलेली, अजून तळव्याला ऊब देतात.
बाबा म्हणाले, मोज, आणि थप्पी लाव नीट,
सगळ्या रांगा सारख्या,
टेम्पो नंदगडला जायचाय दुपारी.

मी मराठीत मोजते.
पलीकडच्या टोकाकडून गंगव्वा मोजत येते,
ओंदु, एरडु, मूरु,
मधेच पान थुंकते आणि तरी चुकत नाही.
ती सगळी मोजते, मीही सगळी मोजते.
मी म्हणते सत्त्याण्णव.
ती म्हणते तोंबत्तेळु.
मलप्रभेच्या मातीला दोन्ही पटतं.

आता रांगा.

बिर्जे बाईंच्या कसोट्या मी कौलांवर वाजवून बघते.
शेवटी सात, म्हणजे जोडीनं जाणार नाहीत.
शेवटी शून्य नाही, पाच नाही,
पाच-पाचच्या पंजानं उचलता येणार नाहीत.
नऊ आणि सात सोळा;
तीन-तीन करत पंधरापर्यंत येतात
आणि दारात एक उभंच राहतं.
सातासाठी वाट वेगळी:
शेवटच्या आकड्याची दुप्पट करायची,
पुढच्यातून वजा करायची.
चौदा आणि नऊ यांच्यात अंतर पाचाचं.
पाचाला सात ओळखही देत नाही.

“पुढं कशाला शोधूलायस?” बाई वर्गात म्हणाल्या होत्या,
“दहा दाहे शंभर, ते तर बाहेर गेलं.
भाजक जोडीनं नांदतात,
धाकटाच घरात नाही
तर थोरला कुठनं येणार?”

मागच्या बुधवारी एक्क्याण्णवनं फसवलं होतं मला.
चेहरा अगदी मूळ संख्येचा.
गंगव्वाचा नातू सोमलिंग हसला,
सात-सातच्या तेरा रांगा लावून
वर कौलावर बसून राहिला.
त्याच्या कन्नड शाळेत मूळ संख्येला अविभाज्य म्हणतात.
मी म्हटलं, हा तर आमचाच शब्द.
तो म्हणाला, आमचा.
मग आम्ही चिंचा खाल्ल्या,
सात होत्या, एक भांडणाला उरली.

सत्त्याण्णव मात्र खरंच कुणाचं ऐकेना.
एकच लांब रांग करायची तर
अंगण ओलांडून, गटार ओलांडून
पार हायस्कूलच्या कुंपणापर्यंत जाईल.
बाबांना कसं सांगू
की माझा आळस नाही,
आकडाच तसा आहे?

शेवटचं कौल उचललं
आणि घामेजल्या बोटांतून ते सुटलं.
खण्ण.
नाकाशी तुटून दोन तुकडे.

शहाण्णव.

कुणीतरी कडी काढावी तसं झालं.
दोन रांगा अठ्ठेचाळीसच्या, हव्यात तर घे.
तीन बत्तिसांच्या, चार चोविसांच्या,
सहा सोळाच्या.
मी आठ लावल्या, बारा-बाराच्या,
ताठ, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.
बाबांनी लांबूनच मान डोलावली,
“बघ, मनात आणलंस की जमतंय.”
मी काही बोलले नाही.
टेम्पो भरला. गेला.

अंगणात धूळ, आणि ते एक.

बाईंनी दोन याद्या केल्या होत्या फळ्यावर,
इकडे मूळ, तिकडे संयुक्त,
आणि एक कुठंच लिहिला नव्हता.
मी विचारलं होतं, मग तो राहतो कुठं?
बाईंनी डस्टर हातात घेतला,
काहीतरी सांगणार होत्या,
पण घंटा झाली.

गंगव्वानं तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले.
“इरली बिडु,” म्हणाली,
मोठा तुकडा कोंबड्यांच्या पाण्याला ठेवला
आणि छोटा माझ्या दप्तरात सरकवला,
पाटीवर उभ्या रेघा मारायला.

उद्या दुसरी भट्टी उघडणार.
तळाला एकशे एक आहेत म्हणतात.
मी अजून कसोटी लावलेली नाही.
आज हात धुऊन
आधी जेवूलोय.